गोलकीपर व्हायचंय? मग जागा एकच आहे हे धरून चाला

फुटबॉल संघात बचावपटू चार असतात, मधल्या फळीत तीन-चार, पुढे दोन-तीन. गोलकीपर एकच. फॉर्म हरवलेला स्ट्रायकरसुद्धा ७०व्या मिनिटाला बदली म्हणून उतरतो, एखादा गोल मारतो आणि पुढच्या सामन्यात जागा परत मिळवतो. दुसऱ्या क्रमांकाच्या कीपरला ही सोय नाही. पहिल्याला दुखापत झाली, लाल कार्ड मिळालं किंवा त्याचा खेळ पार ढासळला, तरच याची पाळी येते. नाहीतर अख्खा हंगाम बाकावर जातो. तिसरा कीपर तर बऱ्याचदा बाकावरही नसतो, थेट प्रेक्षकांत बसतो.

या कारकिर्दीतला प्रत्येक निर्णय, मग तो अकादमीचा असो, क्लबचा असो की कराराचा, या एका गोष्टीभोवती फिरतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: क्लबचं नाव बघू नका, वर्षाला खेळायला मिळणारी मिनिटं बघा. पुढचं सगळं मार्गदर्शन याच मापाने केलं आहे.

याला दिलासा देणारी दुसरी बाजूही आहे. हे काम उशिरा पिकतं. इटलीच्या दिनो झोफने १९८२चा विश्वचषक वयाच्या ४०व्या वर्षी कर्णधार म्हणून उचलला. इजिप्तचा एस्साम अल-हदारी २०१८च्या विश्वचषकात ४५ वर्षांचा असताना खेळला आणि सौदी अरेबियाची एक पेनल्टीही त्याने अडवली. विंगर तिशीत मंदावतो. त्या वयात कीपर कुठे मुरायला लागलेला असतो. तेव्हा विसाव्या वर्षी बाकावर बसणं हे अपयश नाही. पण बाविशी उलटली आणि अंगावर मोठ्यांचे सामनेच नाहीत, तर मात्र काळजी करायला हवी.

बारा वर्षांपर्यंत गोलमध्ये कोंडू नका

आपल्याकडे मैदानावर जो सर्वांत हळू पळतो किंवा सर्वांत लहान असतो, त्याला गोलमध्ये उभं करतात. हे चूक आहे. ज्याला तिथे उभं राहायला आवडतं आणि चेंडू अंगावर आला की जो डोळे मिटत नाही, त्यालाच तिथे पाठवावं. आणि त्यालाही निम्मा वेळ बाहेर खेळवावं.

कारण नियमात आहे. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास कीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ साली आला आणि कीपरच्या पायांना काम लागलं. २०१९पासून गोलकिक स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला देता येते, त्यामुळे ते काम आणखी वाढलं. लहानपणी मधल्या फळीत खेळलेल्या मुलाला अंगावर माणूस धावून येत असताना चेंडू कुठे वळवायचा हे आपसूक समजतं. सोळाव्या वर्षी ते शिकवायला घेतलं तर फार जड जातं.

पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. दहा वर्षांच्या मुलाला त्यात उभं केलं, तर डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंकडे बघत राहण्यापलीकडे तो काही शिकत नाही. लहान गोल आणि चार नंबरचा चेंडू वापरा.

बारा ते सोळा: खरी घडण इथेच होते

आधी पडायला शिका. महाराष्ट्रातली बरीच मैदानं लाल मातीची आणि कडक आहेत. अशा मैदानावर चुकीच्या पद्धतीने पडणारा मुलगा दोन महिन्यांत डाइव्ह मारायला घाबरू लागतो आणि ती भीती पुढे वर्षानुवर्षं जात नाही. म्हणून सुरुवात वाळूवर, पावसाळ्यातल्या गवतावर किंवा गादीवर करा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना ही सोय फुकट आहे. आधी गुडघ्यावर बसून कुशीवर पडा, मग उकिडव्याने, मग उभ्याने. जमिनीला पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर आणि खांदा अशा क्रमाने टेकायचं. कोपर अंगाखाली जाता कामा नये. पोटावर तर कधीच पडायचं नाही. झेप सरळ बाजूला किंवा मागे न घेता थोडी पुढे, चेंडूच्या दिशेने तिरकी घ्या, म्हणजे गोलकडे जाणारा चेंडू लवकर गाठता येतो.

पकड दोन प्रकारची. छातीच्या वरच्या चेंडूला दोन्ही अंगठे जवळ आणि बोटं पसरलेली, हात चेंडूच्या मागे. कमरेखालच्या चेंडूला करंगळ्या जवळ, तळवे वर आणि चेंडू पोटाशी ओढायचा. बाजूला झेपावून खाली धरलेल्या चेंडूला एक हात मागून आणि एक वरून असतो; तिसऱ्या हाताचं काम जमीन करते. आणि धरता येणार नसेल तर चेंडू समोर ढकलायचा नाही, खांबाच्या बाहेरच्या बाजूला ढकलायचा. गोलसमोर सोडलेला रिबाउंड म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेला पास.

हातांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे फटका बसण्याच्या क्षणी पाय स्थिर असणं. पाय खांद्याइतके पसरलेले, वजन चवड्यांवर, हात पुढे. चालता चालता फटका आला तर जगातला चपळ कीपरही उशिरा पडतो. बघणाऱ्याला वाटतं रिफ्लेक्स कमी पडला, पण खरं तर तो वेळेत थांबलाच नव्हता.

कोन कसा कमी करायचा हे तोंडी सांगून कळत नाही. दोन लांब दोऱ्या घ्या. प्रत्येकीचं एक टोक एकेका खांबाला बांधा आणि दुसरी टोकं पेनल्टी क्षेत्राच्या कडेला ठेवलेल्या चेंडूजवळ एकत्र आणा. कीपरला दोऱ्यांच्या मध्ये उभं करा आणि हळूहळू पुढे न्या. गोलरेषेवर असताना दोन्ही बाजूंना किती जागा उघडी होती आणि चार पावलं पुढे आल्यावर किती उरली, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. मग चेंडू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पुन्हा करा. खर्च फक्त सुतळीचा.

क्रॉसवर, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणाऱ्या उंच चेंडूवर, तरुण कीपर सर्वांत जास्त चुकतात, कारण सराव सगळा समोरच्या फटक्यांचा होतो. क्रॉस येताना गोलच्या साधारण मध्यावर, रेषेपासून थोडं पुढे आणि मैदानाकडे अंग उघडं ठेवून उभं राहायचं. निघायचं की नाही ते एकदाच ठरवायचं. निघालात तर मोठ्याने ‘कीपर!’ ओरडा, एका पायावर उडा, दुसरा गुडघा वर घ्या आणि चेंडू सर्वांत उंच बिंदूवर पकडा. गर्दी असेल तर दोन्ही मुठींनी उंच, लांब आणि कडेला मारा. अर्ध्यात थांबणारा कीपर दोन्हीकडून जातो. म्हणून आठवड्यातला एक सराव फक्त क्रॉसचा असावा आणि त्यात धक्काबुक्की करणारी दोन-तीन मुलं मुद्दाम उभी करावीत.

एका सवयीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. अनेक ठिकाणी कीपरचा सराव म्हणजे प्रशिक्षक आठ-दहा मीटरवरून एकामागून एक चेंडू हाणतो आणि मुलगा धापा टाकत उठतो, पडतो, पुन्हा उठतो. बघायला मेहनत दिसते. प्रत्यक्षात दमलेलं शरीर चुकीचं तंत्र पक्कं करतं आणि खांदा, कंबर झिजते ती वेगळीच. सामन्यात असे सलग दहा फटके कधी येतात? दोन-तीन चेंडू, मग पूर्ण विश्रांती, आणि प्रत्येक चेंडूआधी ‘कुठे उभं राहायचं’ हा प्रश्न. असा सराव दिसायला शांत असतो, पण कीपर त्यातूनच घडतो.

ग्लोव्ह्ज

दोन जोड ठेवा: जुना सरावाला, नवा सामन्याला. तळव्याचा लॅटेक्स कोरडा पकडत नाही, म्हणून खेळण्याआधी किंचित ओला करा. खेळ झाल्यावर कोमट पाण्यात साबणाची पावडर न घालता धुवा आणि सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात दोरीवर टाकलेला जोड लवकर तडकतो. मातीच्या मैदानावर महागडा मऊ लॅटेक्स काही सामन्यांतच फाटतो. तिथे टणक तळव्याचा स्वस्त जोड आणि मांडीला पॅड असलेली लांब पँट जास्त उपयोगी. बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहील असाच नंबर घ्या.

उंचीचं काय?

खरं तेच सांगतो. वरच्या पातळीवर उंची पाहिली जाते आणि सहा फुटांच्या आतल्या मुलाला ट्रायलमध्ये दुप्पट सिद्ध करावं लागतं. पण चौदाव्या वर्षीच्या उंचीवरून कोणालाही बाद करू नका. मुलं सतरा-अठरापर्यंत वाढतात. तुम्ही बुटके राहिलात तर पाय, वेग आणि क्रॉसवरचा निर्णय इतका पक्का हवा की प्रशिक्षकाला पर्यायच राहू नये.

महाराष्ट्र आणि गोव्यातून वर जायचे रस्ते

शाळेच्या संघातून सुब्रतो चषक, मग जिल्हा संघटना आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या (महाराष्ट्राच्या राज्य संघटनेच्या) वयोगट स्पर्धा, मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या युवा लीग आणि रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग. ही मुख्य वाट. वसतिगृहासह शिकवणाऱ्या संस्थांत राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी आणि नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स अकादमी आहेत. गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स अशी जुनी क्लब परंपरा असल्याने गावागावांत सामने होतात आणि लहान वयातच मोठ्यांविरुद्ध खेळायला मिळतं. ताळगाव परिसरातल्या अशाच वातावरणातून वर आलेल्या गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं. त्यांना १९९७चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरची गोष्ट निराळी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे सामने हजारोंच्या गर्दीत होतात. गोलमागून पेठ ओरडत असताना क्रॉस घ्यायला शिकलेला कीपर पुढे कुठल्याच मैदानावर दबत नाही. पण तिथल्या मुलाने सतराच्या आत बाहेरच्या युवा लीगमध्ये नाव नोंदवायलाच हवं. स्थानिक हंगाम कितीही रंगतदार असला, तरी व्यावसायिक क्लब युवा लीगकडेच आधी बघतात.

अकादमी निवडताना तीन प्रश्न विचारा. कीपरसाठी स्वतंत्र प्रशिक्षक आहे का? माझ्या वयोगटात कीपर किती आहेत? वर्षाला सामने किती? एका वयोगटात चार कीपर असतील, तर अकादमी कितीही नावाजलेली असो, माझा सल्ला दुसरीकडे जाण्याचा. आणि महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत तुमची नोंद खऱ्या जन्मतारखेने झाली आहे ना, हे पालकांनी स्वतः तपासावं. वय पडताळण्यासाठी हाडांची चाचणी होते. खोटं वय लावलेला मुलगा ऐन मोक्याला बाद होतो. शिवाय बाराव्या वर्षापासूनची नोंद नीट असेल तर पुढे तुमच्या क्लब-बदलीचे पैसे आले की घडवणाऱ्या छोट्या क्लबलाही फिफाच्या नियमाने वाटा मिळतो.

ट्रायल

ट्रायलमध्ये कीपरकडे दोन-तीनच फटके येतात. म्हणून निवडणाऱ्याला बाकीचं दाखवा: बचावफळीला सतत आणि नेमकं बोलणं (‘डावा खांदा’, ‘बाहेर चला’, ‘वेळ आहे’), बॅकपासला आधीच कोन करून उभं राहणं, गोल खाल्ल्यावर लगेच पुढच्या खेळाकडे वळणं. गप्प कीपर मला तरी निवडता येत नाही.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर चार-पाच मिनिटांचा करा. संगीत नको, संथ गतीची दृश्यं नकोत. अफाट झेपा दोन पुरेत. बाकी क्रॉस, समोरासमोरचे प्रसंग आणि पायाने दिलेले पास असू द्या. सोबत एका पूर्ण सामन्याचं न कापलेलं चित्रण जोडा. जाणकार प्रशिक्षक आधी तेच उघडतो.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून सावध. ‘युरोपात ट्रायल लावून देतो’ म्हणत लाखो रुपये घेणारे लोक पालकांच्या स्वप्नांवर जगतात. फिफाच्या नियमानुसार अठराच्या आतल्या खेळाडूची परदेशी बदली मोजके अपवाद सोडले तर होतच नाही. सोळा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लबच्या कराराचं आमिष कोणी दाखवत असेल, तर तिथेच बोलणं थांबवा.

पहिला करार

सही करण्याआधी करार घरी आणा आणि वकिलाला दाखवा. पगार, राहणं-जेवण, विमा, दुखापतीच्या काळातला पगार आणि लोनवर (ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे) पाठवण्याची तरतूद, हे सगळं लेखी हवं. अठराच्या आत तीन वर्षांपेक्षा लांब करार करता येत नाही. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करता येतात. क्लबने दोन महिन्यांचे पगार थकवले, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यायची. तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू रास्त कारणाने करार मोडू शकतो. या नोटिशीची तारीख आणि प्रत जपून ठेवा. एजंट घ्यायचा तर फिफाची परीक्षा देऊन परवाना मिळवलेलाच घ्या. खेळाडूंची संघटना, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, अशा वेळी मदतीला असते.

भारतीय कीपरच्या बाजूने एक गोष्ट आहे. आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) क्लब परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा सहसा बचाव, मधली फळी आणि आक्रमणावर खर्च करतात, त्यामुळे गोलमध्ये बहुतेक भारतीयच उभे असतात. मोहालीचा गुरप्रीत सिंग संधू, पंजाबचाच अमरिंदर सिंग, हिमाचलच्या रोहडूचा विशाल कैथ, सिक्कीमचा फुर्बा लाचेनपा: ही माणसं कुठून कुठून आली बघा. महाराष्ट्राचं नाव या यादीत सहज सापडत नाही, आणि मला ते सलतं.

वाट पाहायची, पण कशी?

अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्तिनेझ २०१०मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये गेला. पुढची दहा वर्षं तो ऑक्सफर्ड, शेफील्ड, रॉदरहॅम, खेताफे, रेडिंग असा लोनवर फिरत राहिला. जून २०२०मध्ये पहिला कीपर लेनो जखमी झाला, मार्तिनेझ उतरला आणि त्या हंगामात त्याने जागा सोडलीच नाही. अडीच वर्षांनी तो विश्वविजेता होता. त्या दहा वर्षांत तो नुसता बसून नव्हता, कुठे ना कुठे सामने खेळत होता, हे लक्षात घ्या.

गुरप्रीतने २०१४मध्ये ईस्ट बंगालमधली जागा सोडून नॉर्वेच्या स्टाबेक क्लबची वाट धरली. तिथे लीगचा पहिला सामना मिळायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला. २०१७मध्ये मात्र तो नियमित खेळण्यासाठी बेंगळुरूला परतला. सप्टेंबर २०१९मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० रोखलं तेव्हा गोलमध्ये तोच होता. परदेशात शिकणं मोलाचंच, पण ठरावीक काळानंतर मिनिटं मिळत नसतील तर परत फिरणं शहाणपणाचं.

त्यामुळे माझा नियम असा: एक हंगाम बाकावर चालेल, कारण मोठ्या कीपरसोबत रोजचा सराव हेही शिक्षण आहे. दुसऱ्या हंगामाआधी लोन मागा, मग संघ खालच्या विभागातला असला तरी. बाकावर असताना पहिल्या कीपरशी वैर धरू नका. सामन्याआधी त्याला चांगला सराव देणं हे तुमचं काम आहे, आणि कीपर प्रशिक्षक हे सगळं बघत असतो.

चूक झाल्यावर

२० डिसेंबर २०१५. गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम, आयएसएलचा अंतिम सामना. एफसी गोवा चेन्नईयनविरुद्ध २-१ने पुढे. ९०व्या मिनिटाला गोव्याचा कीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या अंगाला लागून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला, आणि भरपाईच्या वेळेत चेन्नईयनच्या मेंडोझाने गोल मारून चषक नेला. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. अशा रात्रीनंतर कितीतरी जण संपतात. २० मार्च २०२२ला त्याच फातोर्डावर कट्टीमनी हैदराबादकडून पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने तीन फटके अडवले आणि चषक हैदराबादने जिंकला.

मधल्या सहा वर्षांत काय करावं लागत असेल? मन घट्ट करा म्हणणं सोपं आहे; त्याला कृती जोडावी लागते. गोल खाल्ल्यावर एक ठरलेली छोटी कृती ठेवा: ग्लोव्ह्जचे पट्टे पुन्हा आवळणं, खांबाला हात लावणं, बचावपटूला एक सूचना देणं. चुकीचा विचार सामना संपेपर्यंत करायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकासोबत व्हिडिओ बघायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: उभं राहण्यात चुकलो, निर्णयात की हातात? बहुतेकदा उत्तर पहिल्या दोनांत असतं, आणि त्यावर सराव करता येतो.

पेनल्टीला फटका बसेपर्यंत एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा मागे हवा. मारणाऱ्याच्या शेवटच्या दोन पावलांकडे आणि टेकवलेल्या पायाकडे बघा. फार लवकर झेपावू नका. आणखी एक नियम अंगवळणी पाडा: २०२५-२६च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून मोजतो.

शरीर

बोटं, मनगट, खांदा, गुडघा या नेहमीच्या जागा. मुरगळलेलं बोट टेप लावून खेळवत राहिलं तर ते कायमचं वाकडं होऊ शकतं, एक्स-रे काढा. डोक्याला मार लागला तर उठून पुढे खेळणं म्हणजे शौर्य नव्हे. ऑक्टोबर २००६मध्ये रेडिंगविरुद्ध चेल्सीचा कीपर पेत्र चेक याची कवटी फुटली. तो परतला तो संरक्षक टोपी घालूनच, आणि ती त्याने शेवटपर्यंत काढली नाही. चक्कर, उलटी, धूसर दिसणं यांतलं काहीही असेल तर बाहेर या आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत जाऊ नका.

शिक्षण आणि पोटापाण्याचा प्रश्न

जुलै २०२५मध्ये आयएसएलचा हंगाम व्यापारी कराराच्या वादात लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी पगारही थांबवले. देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये असं होऊ शकतं. म्हणून पदवी सोडू नका. भारताची कीपर आदिती चौहान हिने इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात शिकत असतानाच २०१५मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाचा गोल सांभाळला. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका यांच्यातली क्रीडा कोट्यातली नोकरी हा कमीपणाचा पर्याय मुळीच नाही. त्यांचे संघ स्पर्धात्मक सामने खेळतात आणि महिन्याचा पगार वेळेवर येतो.

खेळत असतानाच प्रशिक्षणाचे परवाने घ्यायला सुरुवात करा. महासंघाचा डी परवाना, मग सी, आणि कीपर प्रशिक्षणाचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. पंचविशीत पहिली पायरी केलेली असेल तर निवृत्तीनंतर शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या ठिकाणी आजही खास कीपरसाठीचा प्रशिक्षक शोधावा लागतो. रविवारी सकाळी जवळच्या शाळेतल्या दोन-तीन कीपरना सुतळीचा तो सराव देण्यापासून सुरुवात करता येते. त्याला ना परवाना लागतो, ना निवृत्तीची वाट पाहावी लागते.